लखोट्यातलं मत

गेल्या लोकसभेला आमच्या आत्याचं मत घ्यायला सरकार घरी आलं. फार म्हाताऱ्या माणसांना आता ती सोय झाली आहे. दोन अधिकारी, एक पोलीस आणि एक शूटिंगवाला असे सगळे आमच्या ओटीवर चपला काढून आत आले. टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. मी पंखा लावला, चहा ठेवला, आत्याची खुर्ची आडोशापाशी सरकवली. आत्यानं पदरानं चष्मा पुसला, कागद हातात घेतला, आणि त्या मोठ्या अधिकाऱ्याकडे बघून म्हणाली, "हिला भायेर काढा. गुप्त असतं." माझं घर, माझा पंखा, माझा चहा, आणि मी माझ्याच ओटीवर उन्हात उभी! अधिकारी हसून म्हणाले, "मॅडम, नियमच आहे तसा." नियम मला माहीत होता. आत्या तो माझ्याच विरुद्ध वापरत आली आहे, आणि तेही फार जुन्या काळापासून, हे त्यांना माहीत नव्हतं. ते माहीत व्हावं म्हणूनच हे प्रकरण लिहायला घेतलं आहे. माझा बर्फाचा कारखाना कसा उभा राहिला, गाड्या कशा आल्या, ते मी सांगेन तेव्हा सांगेन. लोक त्याचंच कौतुक करतात. पण ज्या व्यवहारात मी पुरती नागवली गेले तो व्यवहार पैशांचा नव्हताच.

मताचं वय एकवीसवरून अठरावर आलं त्याच सुमाराची ही गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते आणि चार वर्षं मासळी विकत होते. आमचं घर रेवदंड्याच्या खाडीकडेला, वाडीच्या अगदी टोकाला. पुढचं दार उघडलं की वाळत घातलेल्या बोंबलांच्या वलांडी, म्हणजे बांबूच्या दांड्या, मागचं उघडलं की पाणी. घरात आम्ही तिघं: बा, मी आणि आत्या. आई मी लहान असतानाच गेली. पुढे आत्याचा नवरा गेला, तेव्हा ती खाडीपलीकडचं सासर सोडून एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे आली आणि त्याच संध्याकाळी तिनं चूल ताब्यात घेतली. सकाळी मला जाग यायची ती तिच्या वरवंट्याच्या आवाजानं. मिरची, लसूण, ओलं खोबरं आणि जोडीला सगळ्या वाडीला शिव्या, असं तिचं वाटण चालायचं. तिच्या हातची तांदळाची भाकरी मी चिमटीत धरून दिव्यासमोर धरली तर पलीकडची ज्योत दिसायची. हे कबूल करते, कारण पुढे मी तिच्याबद्दल बरंच वाकडं लिहिणार आहे.

आमच्याकडची एक रीत आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडायचे. एक होडीचा, एक जाळ्याचा, मग प्रत्येक खलाशाचा. वाळूवर ढीग मांडले जायचे आणि प्रत्येक ढिगापाशी त्या घरचं माणूस टोपली घेऊन उभं राहायचं. खलाशी तापानं पडला असेल, गावाला गेला असेल, तर त्याची बायको, बहीण, भाऊ, कोणीही उभं राहिलं तरी चालायचं. पण उभं राहायला हवं. ज्या ढिगापाशी कोणी नाही तो ढीग जरा वेळानं बाकीच्या ढिगांत जिरायचा, आणि त्यावर कोणी भांडायचं नाही. त्यामुळे आमच्या वाडीत लहान मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या अंगात एक गोष्ट भिनलेली होती: आपल्या माणसाचा वाटा दिसला आणि माणूस दिसलं नाही, तर आपण पुढे व्हायचं. ही माया होती. हिशेब नंतर घरी.

निवडणूक लागली तशी वाडीत जीप फिरायला लागली. पक्षांची खरी नावं मी लिहीत नाही. इथं अजून त्यावरून साखरपुडे मोडतात. एकाला शिडी म्हणू, दुसऱ्याला छत्री. शिडीचा उमेदवार स्वतः आमच्या दारात आला. उंच, गोरा, कडक इस्त्रीचा. बरोबर चिक्कार माणसं. आत्यानं त्याला जवळा आणि भाकरी वाढली, आणि त्यानं चक्क आणखी मागून घेतलं. आत्या त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हसत होती. मी मात्र टोपली खाली ठेवून उभी होते, कारण मला एक साधी गोष्ट दिसली होती. रोज मी माल डोक्यावर घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात जाते, आणि इथं गिऱ्हाईक हात जोडून माझ्या दारात आलंय. म्हणजे माझ्याकडे काहीतरी चांगल्या भावाचं आहे.

मी म्हटलं, "साहेब, आम्हाला होड्या लावायला धक्का पाहिजे. चिखलातनं टोपल्या आणताना बायका पडतात."

तो म्हणाला, "अगं, धक्का हे राज्याचं काम. मी दिल्लीला चाललोय."

"मग दिल्लीत जाऊन आमचं काय करणार?"

"कायदे."

"कोणते?"

त्यानं आजूबाजूला बघितलं, मोठ्यानं हसला आणि बाला म्हणाला, "हिला लवकर सासरी पाठवा. तिकडं घासाघीस करू दे." सगळे हसले. आत्यासुद्धा. मी त्या क्षणी ठरवलं की माझं मत छत्रीला. छत्रीवाला आमच्या वाडीत आलाच नव्हता, पण न आल्यामुळे त्यानं माझा अपमानही केला नव्हता.

बाची अडचण वेगळीच होती. त्याला दिल्लीतला मोठा नेता पसंत होता आणि मत थेट त्यालाच द्यायचं होतं. रात्री जेवताना तो विचारायचा, "त्याचा फोटू असंल ना कागदावर?" मी म्हणायचे, त्याचं नाव आपल्या कागदावर नसतं, तो दुसरीकडून उभा आहे. बा घास हातात धरून बघत राहायचा. "मंग मी या इस्त्रीवाल्याला कशाला देऊ? मना तो नाय पायजे, मना त्यो पायजे." शेवटी मी त्याला आमच्या मच्छीमार सोसायटीचं उदाहरण दिलं. म्हटलं, "बा, सोसायटीचा चेअरमन तू निवडतोस काय? तू पंच निवडतोस. पंच मिळून चेअरमन करतात. तसंच हाय हे. हा इस्त्रीवाला तुझ्या नेत्याच्या बाजूचा पंच. असे पाचशेच्या वर पंच सगळ्या देशातनं जातात. निम्म्याहून जास्त ज्याच्या बाजूला, तो चेअरमन."

"आन् निम्मे कुणाकडंच नाय झाले तं?"

"तर मग जुळवाजुळव."

"आन् पंच मधीच फिरले तं चेअरमन पडतो?"

"पडतो. मग पुन्हा निवडणूक."

बानं घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावून म्हणाला, "तं दिल्लीत रोजच कोंबडी कापीत असतील." आज टीव्हीवर जाकीटवाले तज्ज्ञ चर्चा करतात तेव्हा मला बाचं हे वाक्य आठवतं. त्याच्यापुढे त्यांनी काही नवीन सांगितलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

आत्या हे सगळं ऐकत भाकऱ्या थापत होती. मी तिला विचारलं, "तुझं मत कुणाला?" तर म्हणाली, "माजं तिकडं, सासरी. दीर घालतो." मी म्हटलं, घालतो म्हणजे? तर तिनं पीठ झटकलं. "म्हंजे काय, मी नसते ना तिथं. वाटा काय वाया घालवायचा? पयल्यापासना तोच घालतो. मी व्हते तवाबी तोच घालायचा." तिनं जन्मात एकदाही मत दिलेलं नव्हतं, आणि हे तिनं मीठ संपलंय म्हणावं तसं सांगितलं. मी माझ्या रागाच्या नादात होते. मी त्यावर पुढे काही विचारलं नाही.

मतदानाच्या दिवशी वाडीच्या शाळेत केंद्र होतं. बा सकाळीच जाऊन, तोंड वाकडं करून, इस्त्रीवाल्याला देऊन आला. मला घाई नव्हती. संध्याकाळपर्यंत वेळ होता आणि माझ्या टोपलीत पहाटेची कोळंबी होती. मी चौलच्या नाक्यावर जाऊन बसले. तिथं रस्त्याच्या एका अंगाला शिडीचा मांडव, दुसऱ्या अंगाला छत्रीचा, आणि दोन्हीकडे कार्यकर्त्यांची जेवणं. असा बाजार देव वर्षातून एकदाही देत नाही. शिडीवाल्यानं भाव केला, मी म्हटलं पलीकडच्यांनी जास्त सांगितलाय. पलीकडे गेले, तिथं म्हटलं शिडीवाले घ्यायला बसलेत. दोन्ही मांडवांतले आचारी पळी हातात घेऊन रस्त्यात आले. कोळंबी गेली, मग बोंबील गेले, मग एकानं केवळ दुसऱ्याला मिळू नये म्हणून माझी उरलेली मांदेलीसुद्धा उचलली. मी रिकामी टोपली घेऊन टेम्पोत बसले तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं, पण केंद्र अजून उघडं होतं आणि मी राणीसारखी खूश होते. एकाच दिवशी दोन पक्षांना नमवलं, आता तिसरा सौदा शाळेत.

शाळेच्या वर्गात गर्दी राहिली नव्हती. बाकं भिंतीला लावलेली, मधे टेबलं, कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा, आणि लाखेनं सील केलेली लोखंडी पेटी. भिंतीशी पक्षांचे एजंट बसले होते, दोघंही आमच्याच वाडीचे. छत्रीचा एजंट बाळ्या तर आमच्या शेजारचा, माझ्याबरोबर शाळेत होता. मी नाव सांगितलं. टेबलावरच्या माणसानं यादीवर बोट फिरवलं, बोट एका जागी थांबलं, आणि तो म्हणाला, "तुमचं झालंय."

"काय झालंय?"

"मतदान. तुमच्या नावावर मतदान झालंय."

मी बोट त्याच्या नाकासमोर धरलं. "शाई दिसते का?" नव्हतीच. मी बाळ्याकडे बघितलं. बाळ्या छताची कौलं मोजत होता. शिडीचा एजंट बुटाची नाडी बांधत होता, आणि त्याच्या पायात चपला होत्या. माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते हेच, की शिडीवाल्यांनी चोरलं. मग मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाहेरचा पोलीस आत आला, आणि त्या आवाजानं पलीकडच्या खोलीतून केंद्राचे मुख्य अधिकारी आले. माणगावकडचे एक मास्तर होते, बारीक, चष्म्याचे, अत्यंत सभ्य. माझ्या टोपलीचा वास आला तसं त्यांनी रुमाल नाकाशी नेला आणि लगेच, मला वाईट वाटू नये म्हणून, घाम पुसल्यासारखं केलं.

"बाई, शांत व्हा. काय पाहिजे तुम्हाला?"

"माझं मत परत द्या."

"पेटीत गेलेलं परत निघत नाही."

"पेटी उघडा."

"ती मोजणीलाच उघडते, तिकडं अलिबागला."

"मग तिकडं माझं तेवढं बाजूला काढा."

"तुमचं कुठलं ते कसं ओळखणार? मतपत्रिकेवर नाव नसतं. नसतं म्हणूनच तर कोणी कुणाला दिलं ते कळत नाही, आणि कुणाला धाक राहत नाही."

हे त्यांनी इतकं चांगलं समजावलं की मी आणखीनच चिडले. "यादीत माझं वय एकोणीस लिहिलंय," मी टेबलावरच्या माणसाला म्हटलं, "आलेली बाई एकोणीसची होती का?" तो खाली बघून म्हणाला, "बायकांच्या वयाबद्दल आम्ही विचारत नाही. एजंटांनी ओळखलं, कोणी आक्षेप घेतला नाही." मी दारात टोपली ठेवली आणि टोपलीशेजारी बैठक मारली. म्हटलं, माझा माल मिळाल्याशिवाय मी उठत नाही, आणि टोपली पण उठत नाही. संध्याकाळचा वारा खाडीकडून थेट वर्गात यायचा. जरा वेळानं मास्तरांनी पिशवीतून एक जाडजूड पुस्तिका काढली आणि पानं उलटायला लागले.

त्या पुस्तिकेत माझ्यासारखीची सोय होती. आपल्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं असेल, आणि आपण खरे आपणच आहोत हे अधिकाऱ्याला पटलं, तर आपल्याला दुसरा कागद मिळतो. मास्तरांनी बाचं नाव, घर, शेजार असं सगळं विचारलं. बाळ्यानं कौलांवरून नजर न काढता "तीच हाय" म्हणून साक्ष दिली. मग मला मतपत्रिका दिली, पाठीमागे काहीतरी लिहिलं. मी आडोशामागे जाऊन छत्रीवर असा शिक्का हाणला की टेबल हललं. बाहेर येऊन पेटीकडे वळले तर मास्तरांनी हात आडवा केला. "हे पेटीत नाही. हे लखोट्यात." आणि माझ्यासमोर त्यांनी तो कागद लखोट्यात घातला.

मी मालाची पावती मागावी तसं विचारलं, "हे मोजणार ना?"

मास्तर म्हणाले, "हे कायद्यानं अगदी जपून ठेवलं जाईल."

मला तेवढं पुरलं. मी टोपली उचलली, पोलिसाकडे एक नजर टाकली आणि छाती काढून घरी निघाले. पुढे आयुष्यभर मी दलाल, बँकवाले, कंत्राटदार, सगळ्यांच्या बोलण्यातला न बोललेला शब्द पकडून त्यांना घाम फोडला. त्या एका सभ्य माणसाच्या वाक्यातला मात्र मला सापडला नाही. त्यांनी खोटं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

घरी आत्या चुलीपुढे होती. तव्यावर मांदेली तडतडत होती. मी ओरडतच आत शिरले, की बा, माझं मत कुणीतरी चोरलं होतं, पण मी सोडलं नाही. आत्यानं उलथणं हातात धरून मागं बघितलं. तिच्या बोटावर शाई होती, नखापासून पेरापर्यंत, ओली असताना कौतुकानं फुंकर मारून वाळवल्यासारखी.

"चोरलं कुठं गो? तुजा वाटा मीच घेतला. सांज व्हाया आली, तुजा पत्ता नाय. मी म्हटलं, वाया जाईल. म्हणून गेले, हुबी राहिले."

मी तिचं बोट धरून चुलीच्या उजेडात नेलं आणि शाई अंगठ्यानं घासून बघितली. बा मांदेलीकडे बघत होता. आत्याला वाटलं मी खूश झाले. ती लाजून म्हणाली, "आन् बाय, एकोनीसची वाटले मी त्यान्ला! कुनी एक शबूद इचारला नाय."

"आत्ये, हा गुन्हा आहे! पोलीस होता तिथं!"

"व्हता ना. त्यानंच मना रांगंत पुढं घेतला."

मग मी खरा प्रश्न विचारला. "कुणाला दिलंस?"

आत्यानं मांदेली उलटली. "ते नाय सांगायचं. त्या सायबानं सांगितलंय, गुप्त असतं."

"माझं मत होतं ते!"

"तुजं व्हतं. घातला मी. म्हंजे गुप्त माजं."

मी बाकडे न्याय मागितला. बा म्हणाला, कायदा तिच्या बाजूनं दिसतो. मी जेवणार नाही म्हणून पाठ फिरवून बसले. पण मला रागानं भूक लागते, ती तेव्हापासून, आणि ती बाई गरम मांदेली एकेक करून माझ्या मागं सरकवत राहिली. मी मागं न बघता खात राहिले.

माझा एकच दिलासा होता, लखोटा. आत्यानं इस्त्रीवाल्याला दिलं असणार यात मला शंका नव्हती, तिनं त्याला वाढलं होतं. पण माझं लखोट्यातलं मत ते फिटवणार होतं. मोजणीला बाळ्या अलिबागला गेला होता. तो परतून मासेमारीला निघाला तेव्हा मी त्याला होडीत चढू देईना. इस्त्रीवाला निवडून आला होता. बाळ्या सांगत होता, बाकीच्या सगळ्यांची मिळून मतं त्याच्यापेक्षा जास्त, पण ती विभागलेली, आणि इथं बेरजेला किंमत नसते. ज्याचा ढीग सगळ्यांत मोठा, तो जिंकला. मी म्हटलं ते राहू दे, माझा लखोटा कधी फोडला? बाळ्यानं डोकं खाजवलं. "लखोटा नाय फोडीत, चंद्रे. ते मोजत नायत. कोर्टात केस पडली आन् जज्जानं सांगितलं, तरच. नायतर ठेवून देतात."

"जपून?"

"व्हय. अगदी जपून."

मी बाळ्याला होडीत चढू दिलं नाहीच; तो चिखलातून चालत परत गेला. माझ्या नावावर दोन मतं पडली होती. पेटीत गेलं ते आत्याचं होतं, आणि जे माझं होतं ते जपून ठेवलं होतं. मी आजही एखाद्या गोदामात सरकारी लाकडी कपाट बघते तेव्हा माझा हात शिवशिवतो. लोक मला सांगतात की ते सगळे कागद कधीच नष्ट केले असतील. असतील. मला कोणी विचारलं नाही.

दिल्लीत त्या वेळी कुणाचेच निम्मे भरले नाहीत. जुळवाजुळव झाली, सरकार बसलं, आणि बानं ताडलं होतं तसे पंच फिरले. मुदत पुरी व्हायच्या कितीतरी आधी पुन्हा निवडणूक लागली. ऐकल्याबरोबर मी धंद्यासारखा विचार केला. माल लुटला जातो तो लुटणाऱ्याकडे स्वतःचा नसतो म्हणून. मी आत्याचं नाव सासरच्या यादीतून काढून आमच्या वाडीत आणायचं ठरवलं. तिच्या दिराला निरोप पाठवला, तो उखडला, म्हणाला, इतकी वर्षं मी सांभाळलं तिचं मत. मी खाडी ओलांडून गेले आणि त्याच्या अंगणात जे बोलले त्यानं त्याच्या कोंबड्या दोन दिवस अंडी घालत नव्हत्या, असं त्याची बायको सांगते. नाव आलं. पण मी फुकट काही करत नाही. मी आत्याशी सौदा केला: ज्या दिवशी तू स्वतःच्या नावानं रांगेत उभी राहशील, त्या दिवशी माझं मत कुणाला दिलंस ते सांगायचं. आत्या म्हणाली, "रांगंत सांगन. आधी नाय."

त्या सकाळी आम्ही उजाडता शाळेत होतो. मी त्या दिवशी टोपलीच भरली नव्हती. आत्यानं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, केसात अबोली. रांग शाळेच्या ओट्यावरून आंब्याखाली गेली होती. आत्या माझ्या पुढे. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "बोल."

ती मागं न बघता म्हणाली, "तू छत्री छत्री करत व्हतीस."

"बरं."

"आन् शिडीवाला माज्या हातचं जेवलावता. परत मागून जेवलावता."

"बरं!"

"मंग मी काय करू? मत तुजं, जीव माजा. आर्धं आर्धं केलं. एक शिक्का शिडीवर, एक छत्रीवर. वाटं सारखं पाडलं, कुनाचा जास्त नाय, कुनाचा कमी नाय."

मी उभ्या उभ्या पेटले. "आत्ये! दोघांवर शिक्का मारला की मत बाद होतं! ते कुणाच्याच ढिगात जात नाही! फेकून देतात!"

आता आत्या वळली. माझ्यावर ओरडेल असं मला वाटलं होतं. पण तिचं तोंड एखाद्यानं वाढलेलं पान ओढून घ्यावं तसं झालं. "बाद? म्हंजे तुजंबी नाय, आन् माजंबी नाय?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मना कुनी सांगितला नाय गो. पयलाच व्हता माजा." मला तेव्हा दोन गोष्टी एकदम करायच्या होत्या, तिला गदागदा हलवायचं होतं आणि त्या यादीवाल्याला, एजंटांना, मास्तरांना, जेवढे कोणी त्या दिवशी वर्गात होते त्या सगळ्यांना बोलवून झापायचं होतं. सुरुवात मी आत्यापासून केली आणि माझा आवाज आंब्याच्या शेंड्याला लागला. पोलीस आला. "ओ बाई, गप्प राहायचं असेल तर रांगेत राहा. नाहीतर बाहेर व्हा, आणि मग पुन्हा शेवटून." मागं निम्मी वाडी उभी होती. मी तोंड मिटलं. माझ्या आयुष्यात मी तोंड मिटलं ते एकदाच, त्या रांगेत. आत्यानं माझा हात धरला, आणि मी तो झटकला नाही, कारण झटकताना आवाज झाला असता.

ती आधी आत गेली. नाव तिनं इतक्या मोठ्यानं सांगितलं की ते बाहेर ऐकू आलं. मग माझी पाळी. यादीवर बोट फिरलं, थांबलं नाही. शाई लागली. कागद मिळाला. आडोशामागे मी तो बाकावर पसरला, वरपासून खालपर्यंत सगळी चित्रं बघून घेतली, शिक्का शाईत नीट दाबला आणि एकदाच मारला, चौकोनाच्या अगदी मधोमध. मग ओल्या शाईचा डाग घडी घालताना दुसऱ्या चौकोनाला लागू नये म्हणून त्यावर फुंकर मारत उभी राहिले. फुंकर मारली, बोट लावून बघितलं, पुन्हा फुंकर मारली. बाहेर रांगेत कुजबुज व्हायला लागली. अधिकारी म्हणाले, "बाई, झालं का?" मी म्हटलं, वाळतंय. तेवढ्यात खिडकीच्या गजातून आत्याचा आवाज आला, सगळ्या शाळेला ऐकू जाईल असा:

"चंद्रे, दोघांवर मारू नको गो! बाद होतं!"

एजंटांसकट सगळा वर्ग हसायला लागला. मी कागदाची घडी केली, आडोशातून बाहेर आले, कागद पेटीच्या फटीत घातला, आणि तो आत पडल्याचा आवाज येईपर्यंत कान लावला. मग पेटीवर तळहात ठेवून मी तशीच उभी राहिले. हलावंसं वाटेना.

"बाई," अधिकारी म्हणाले, "हात काढा. मागं लोक उभे आहेत."